रस्त्याकडची फांदी

सेराफीना लग्न होऊन ओबरहाल्डनला श्रानरांच्या घरात आली ती दोन पेट्या, एक करवत आणि कलमाचा चाकू घेऊन. पेट्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. करवतीवरून मात्र गाव वर्षभर हसलं. "नवरीने माहेरून करवत आणलीय म्हणे! फ्रिडोलिनने आता पाय पोटाशी घेऊन झोपावं," असं शेजारची क्रेसेंझ गावच्या हौदावर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. क्रेसेंझच्या जिभेला तरुणपणी हाड नव्हतं, आणि म्हातारपणीही ते फुटलं नाही.

करवत सेराफीनाच्या वडिलांची. डोंगरापलीकडच्या खोऱ्यात ते झाडं राखायचं काम करत, म्हणजे थंडीत घरोघर जाऊन सफरचंदाची झाडं छाटायची आणि वसंतात कलमं बांधायची. त्यांना मुलगा नव्हता. जे मुलाला शिकवायचं ते त्यांनी मुलीला शिकवलं. फळाची फांदी कुठली आणि नुसत्या पानांची कुठली, काप कसा तिरपा घ्यायचा म्हणजे पाणी साचत नाही, गोड फळाची काडी कधी काढायची आणि कशी जपायची, सगळं. ओबरहाल्डनमध्ये मात्र बाईने शिडीवर चढणं बरं दिसत नसे. खालून कोण काय बघेल याची सासूला फार काळजी. "आमच्याकडे झाडावर पुरुष चढतात," सासू म्हणाली आणि विषय तिथेच मिटला. सेराफीनाने करवतीला तेल चोळलं, ती पोत्यात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवून दिली. पुढे दर वर्षी थंडीच्या तोंडाशी ती वर जाऊन पुन्हा तेल लावून यायची. कशासाठी, हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

आमच्याकडे मूल झालं की झाड लावतात. मुलगा झाला तर सफरचंद, मुलगी झाली तर नाशपाती. झाड वाढेल तसं मूल वाढतं म्हणे. खरंखोटं कुणी तपासत बसत नाही, कारण झाड कामालाच येतं. पण यातली दुसरी बाजू मात्र कुणी थट्टेवारी नेत नाही. बापाचं आणि पोराचं इतकं फाटलं की पुन्हा तोंड बघायचं नाही, तर बाप बागेत जातो आणि पोराच्या नावचं झाड पाडतो. मग बोलावं लागत नाही, वकील लागत नाही. झाड पडलं की दार बंद. म्हाताऱ्या हुर्बिनने हे केलं होतं. त्याचा मुलगा फौजेतून सुट्टीवर आला, फाटकातून त्याने तुटलेलं खोड पाहिलं आणि आत पाऊल न टाकता तसाच माघारी गेला. पुन्हा कधी दिसला नाही. हुर्बिनच्या घरात आज परकी माणसं राहतात.

सेराफीनाला पहिली मुलगी झाली, आगाथा. दाराशी नाशपाती लावली. आगाथा चार वर्षांची असताना घटसर्पाने गेली. गावाला वाटलं, आता नाशपातीही वाळणार. नाशपातीला मेल्या पोरीचं काही सोयरसुतक नव्हतं. ती वाढली, फुलली आणि आजही टोपल्या भरभरून फळ देते. सेराफीनाला सुरुवातीला त्या झाडाचा राग राग यायचा. मग एका शरद ऋतूत तिने त्याची एक नाशपाती खाल्ली, आणि त्यानंतर दर वर्षी पहिलं फळ ती एकटीच भिंतीशी उभं राहून खायची. झाडाला काही कळत नसतं हे तिला गावातल्या कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं. माणसांना मात्र कळतं, आणि सगळा घोळ तिथेच असतो.

मग मुलगा झाला. संत गालुसच्या दिवशी झाला, म्हणजे शेवटची सफरचंदं घरात येतात त्या दिवशी, म्हणून त्याचं नाव गालुस. सेराफीनाचे वडील म्हणाले, माझ्याकडचं रोप न्या की. पण सासऱ्याचे उपकार घ्यायला फ्रिडोलिनचा हात पुढे होईना. त्याने बाजारातल्या एका फिरस्त्याकडून रोप घेतलं. फिरस्त्याने शपथेवर सांगितलं, लालबुंद, मधासारखं गोड फळ. झाड सात वर्षांनी फळलं. फळं अक्रोडापेक्षा थोडी मोठी, सालीवर काळ्या खपल्या, आणि आंबट इतकी की डोळे मिटायचे. "श्रानरांचं सफरचंद खाऊन आमच्या डुकराचे दात आंबले," क्रेसेंझ म्हणाली. पोरं गालुसला 'आंबट गालुस' म्हणू लागली. आणि गालुस तर असा गरीब पोर, की चिडवणाऱ्यांबरोबर स्वतःही हसायचा.

आजोळी गेला की तो आजोबांच्या गुलाबी सफरचंदाखाली सुट्टीभर मुक्काम ठोके. फळ बियांसकट खाऊन टाकी आणि देठ तेवढा खिशात ठेवी. धुवायच्या कपड्यांत सेराफीनाला मूठभर देठ सापडायचे. "हे काय जमवतोस रे?" ती विचारायची. "मोजायला," तो म्हणायचा. "बाबांच्या झाडाचे देठ टाकून दिले तरी चालतात."

गालुस मोठा झाला तसे त्याचे हात यंत्रांकडे वळले. गवत कापायचं यंत्र तो डोळे मिटून उघडायचा आणि जोडायचा. गाई त्याला आवडत, पण तीन गाई आणि उतारावरचं गवत यात दोन पुरुषांना पुरेल इतकं काम नव्हतं. युद्ध संपलं, वर डोंगरांत धरणं बांधायला घेतली, आणि बोगदे खणायला माणसं हवी होती. एका रविवारी, जेवायच्या टेबलावर, गालुसने विषय काढला.

"मी नाव दिलंय. उद्या निघतो."

"कुठे?" फ्रिडोलिनने विचारलं.

"वर. बोगद्यावर. बाबा, इथे दोघांचं काम नाही."

"म्हणजे मी एकटा पुरे, असं ना?"

"तसं म्हणालो का मी?"

"तसंच म्हणालास. उंदरासारखी बिळं खणायची आहेत तुला. खण जा." फ्रिडोलिनने चमचा खाली ठेवला. "पण नीट ऐक. या दारातून गेलास तर ते झाड उभं राहणार नाही."

सेराफीनाच्या हातात किसलेल्या बटाट्यांचा तवा होता. तो तिने खाली ठेवला नाही, नुसती धरून उभी राहिली. गालुसने खिडकीतून झाडाकडे पाहिलं. त्याने गप्प बसायला हवं होतं. पण तोही शेवटी श्रानरच.

"पाडा मग," तो म्हणाला. "तुम्हाला दुसरं काय येतं?"

दुसऱ्या दिवशी तो गेला. जाताना आईला म्हणाला, "नाताळला कार्ड टाकीन." बापाला काहीच म्हणाला नाही. फ्रिडोलिन गोठ्यात होता आणि गोठ्यातच राहिला.

फ्रिडोलिनने झाड पाडलं नाही. पाडायचं त्याच्याने होईना आणि बोललेला शब्द मागे घेणंही होईना. तो छपरीतून कुऱ्हाड काढायचा, दगडावर तिला धार लावायचा, बागेपर्यंत जायचा आणि परत येऊन कुऱ्हाड खुंटीला टांगायचा. तो धार लावण्याचा आवाज आला की सेराफीना हातातलं काम टाकून खिडकीशी यायची. 'पोरगा आठवतो' हे वाक्य या माणसाच्या तोंडून जन्मात निघालं नसतं. म्हणून तो झाडाला नावं ठेवायचा. "नुसती जागा अडवून बसलंय. घेवड्यावर सावली पडते. फळ धड डुक्कर खात नाही. ठेवायचं कशाला?"

सेराफीना नवऱ्याला ओळखून होती. त्याला कुठलंतरी एक निमित्त हवं होतं: पाडायचं नाहीतर ठेवायचं. पाडायचं निमित्त त्याला सापडायच्या आत ठेवायचं निमित्त तिने त्याच्या हातात द्यायला हवं होतं. झाड उभं आहे तोवर गालुसला घर आहे, एवढी एकच गोष्ट तिच्या डोक्यात. बाकी सगळं जग त्या झाडापलीकडे होतं.

मग तिने झाडाच्या सेवेत काही म्हणता काही कमी ठेवलं नाही. खोडावरचं शेवाळ खरवडलं, चुना लावला. फांद्यांच्या टोकांखाली, जिथे मुळांची तोंडं असतात, तिथे पहारीने भोकं पाडून त्यांत गोठ्यातलं पाणी ओतलं. फळं बोराएवढी झाली की झुपक्यातलं एकेकच ठेवून बाकीची खुडून टाकली. नाताळच्या आदल्या संध्याकाळी खोडाला गवताचा दोर बांधला, कारण आमच्याकडे बांधतात. फळ वाढलं. दोन टोपल्यांच्या जागी पाच टोपल्या भरल्या. आणि पाचही टोपल्या आंबट. खत घालून फळ वाढतं, त्याची जात बदलत नाही. तिच्या वडिलांनी हे तिला लहानपणीच सांगितलं होतं. पण आशा लागली की माणूस माहीत असलेलंही विसरतो.

त्या वर्षी गालुसच्या दिवशी फ्रिडोलिन झाडाखाली आला. एक फळ चावलं आणि थुंकलं.

"पाच टोपल्या," सेराफीना म्हणाली.

"पाच टोपल्या कशाच्या? व्हिनेगरच्या?" त्याने उरलेलं फळ गवतात फेकलं. "पुरे झालं आता. हा हिवाळा संपला की पाडतो. तू मधे यायचं नाहीस."

सेराफीनाने टोपली खाली ठेवली. "पाडू नकोस. माथा उतरवते मी याचा."

"काय?"

"सगळ्या फांद्या वरून कापायच्या आणि थोटकांवर दुसऱ्या झाडाच्या काड्या बांधायच्या. वडिलांच्या गुलाबी झाडाच्या. मूळ आणि खोड हेच राहील, फळ ते येईल."

"किती दिवसांनी?"

"तीन वर्षं लागतील."

फ्रिडोलिनने बोटांवर काहीतरी मोजलं. तीन वर्षांत काय काय होऊ शकतं याचा हिशेब तोही मनात करत असावा. "आणि शिडीवर कोण चढणार? तू?"

"मग काय तू?"

"क्रेसेंझ हसेल."

"ती काय आज हसत नाही?"

त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्याला हसणं म्हणायचं की नाही कोण जाणे, पण गालुस गेल्यापासून त्या घरात एवढंही हललं नव्हतं. "कर काय करायचं ते," तो म्हणाला आणि गोठ्याकडे वळला. सेराफीनाचा जीव भांड्यात पडला. तीन वर्षं तिच्या पदरात पडली होती. तीन वर्षांत पोर येईलच, असं तिने धरलं.

भर थंडीत ती डोंगर ओलांडून माहेरी गेली. वडील केव्हाच वारले होते; चुलतभाऊ तिथे राहत होता. गुलाबी झाडाच्या काड्या तिने पेन्सिलीएवढ्या जाड बघून कापल्या, जुडी बांधली आणि घरी आणून तळघरातल्या ओल्या वाळूत पुरली. कलम बांधायचं ते सालीत रस चढल्यावर, वसंतात. पण फांद्या त्याआधीच उतरवाव्या लागतात, झाड अजून झोपेत असताना. मार्चमध्ये तिने माळ्यावरची करवत खाली आणली. इतक्या वर्षांत एक डाग पडला नव्हता.

शिडी फ्रिडोलिनने धरली. धरतो म्हणून सांगितलं नाही, आला आणि धरून उभा राहिला. "डावीकडे झुकू नकोस," "अगं, ती फांदी डोक्यावर येईल माझ्या," असं पुटपुटत राहिला, पण हलला नाही. सेराफीनाने एकेक फांदी उतरवली. शेवटी खोड आणि वर पिवळ्याधमक तोंडांची थोटकं उरली. एक फांदी मात्र तिने मुद्दाम राखली. झाड पुरतं बोडकं केलं तर चढलेला रस जायचा कुठे? तो ओढून घ्यायला एक फांदी ठेवावी लागते, आणि ती सावलीच्या बाजूची ठेवावी, म्हणजे नव्या काड्यांवर तिची सावली पडत नाही. वडिलांनी तसंच शिकवलं होतं. सावलीची बाजू म्हणजे घराकडची. तिथली एक खालची फांदी तिने राहू दिली.

संत जोसेफच्या सणाचा आदला दिवस होता. फ्रिडोलिनने उतरवलेल्या फांद्या ओढून बागेच्या मोकळ्या कडेला नेल्या, ओंडका मांडला, आणि कुऱ्हाडीने त्यांचं जळण करायला बसला. सेराफीना स्वयंपाकघरात मेण, राळ आणि चरबी वितळवत होती. कापलेल्या तोंडांना ते फासायचं होतं. बाहेरून कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होते, एका लयीत. गालुस गेल्यापासून पहिल्यांदाच तिला कुऱ्हाडीच्या आवाजाची भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं. ती पुढे कितीतरी वेळा म्हणाली, त्या दिवशी मला बरं वाटत होतं.

संध्याकाळी फ्रिडोलिन आत आला, सफरचंदाच्या सायडरचा पेला ओतून घेतला. "त्याला कळवायला हवं," तो म्हणाला.

"कुणाला?" ती मुद्दाम म्हणाली.

"तुला माहीत आहे कुणाला. झाडाचं कळव. म्हणावं, गुलाबी लावतोय."

"तूच लिही की."

"मी लाकडं फोडली. लिहायचं तू बघ."

तिने लिहिलं. पत्र परत आलं. माणूस काम सोडून गेला होता, पुढचा पत्ता नाही. एप्रिलमध्ये तिने काड्या सालीत बसवल्या, दोऱ्याने आवळल्या, मेणाने बंद केल्या. मे महिन्यात त्यांच्यावर उंदराच्या कानांएवढी पानं आली. नाताळ आला, पण दर वर्षी येणारं कार्ड या वेळी आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात फ्रिडोलिनने रविवारचा कोट चढवला आणि आगगाडीने थेट वर डोंगरात जाऊन आला. गावातून कुणी आगगाडीने कुठे गेलं की आठवडाभर चर्चा होते; फ्रिडोलिनने ताकास तूर लागू दिली नाही. बायकोला एवढंच म्हणाला, "तिथे नाही. पुढच्या कुठल्यातरी बोगद्यावर गेला. कुणाला नक्की माहीत नाही." कोट काढून ठेवला आणि गाईंकडे गेला.

कलमं मात्र अशी धरली की बघत राहावं. जुन्या मुळांचा सगळा जोर नव्या काड्यांत चढला. तिसऱ्या वर्षी झाडाने फळ दिलं, मोठं, गुलाबी, रेघारेघांचं, साल लख्ख. फांद्या वाकल्या, टेकू द्यावे लागले. गालुसच्या दिवशी फ्रिडोलिन झाडाखाली आला आणि त्याने एक फळ खाल्लं, अगदी देठापर्यंत. "काही वाईट नाही," तो म्हणाला. फ्रिडोलिनच्या तोंडून याहून मोठी स्तुती कुणी ऐकलेली नाही. क्रेसेंझसुद्धा कुंपणापाशी आली. "मला देशील का गं दोन काड्या?" मग तिला गप्प राहवेना. "आता आमच्या डुकराला काय घालू म्हणून विचार पडलाय." सेराफीना खूप हसली. सगळं तयार होतं. झाड उभं होतं, फळ गोड होतं, बाप मऊ झाला होता. फक्त पोर यायचं बाकी होतं.

नोव्हेंबरमध्ये जिल्ह्याचा पोलीस आला आणि त्याने दारातच टोपी काढली. बोगद्याचं छत कोसळलं होतं. गालुस आत होता. बाहेर काढायला बरेच दिवस लागले, त्यामुळे तिथेच पुरलं होतं.

त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. चर्चमध्ये प्रार्थना झाली. आगाथाच्या क्रूसाखाली गालुसचं नाव घातलं. क्रेसेंझ रोज सूप आणून दारात ठेवून जायची आणि एक शब्द बोलायची नाही, हे किती जड गेलं असेल ते तिचं तिलाच ठाऊक.

बर्फ पडायच्या सुमाराला ओताव्यो आला. इटलीचा, गालुसच्या टोळीतला. रुंद खांद्यांचा, संकोची माणूस. गालुसचे बूट, दाढीचं सामान आणि घड्याळ घेऊन आला होता. या वस्तू पोस्टाने पाठवायला त्याचं मन होईना. सेराफीनाने त्याला चुलीपाशी बसवलं, कॉफी दिली, सफरचंदाचा टार्ट कापून पुढे ठेवला. फ्रिडोलिन समोर बसला आणि घड्याळाला किल्ली देत राहिला.

"चांगला माणूस होता," ओताव्यो म्हणाला. "यंत्र बिघडलं की सगळे गालुसला हाक मारायचे. कधी चिडायचा नाही." त्याने टार्टचा घास घेतला. "सिन्योरा, सफरचंद फार छान आहे. गालुस सांगायचा, आजोबांकडे असं होतं म्हणून."

"तेच हे," सेराफीना म्हणाली. "त्याच झाडाच्या काड्या. त्याच्या झाडावर बांधल्या मी."

"कुणाच्या झाडावर?"

"गालुसच्या. आत येताना बागेत पाहिलंत ना, ते."

ओताव्योने काटा खाली ठेवला. त्याला वाटलं, भाषा नीट कळली नाही. "गालुसचं झाड पाडलं ना तुम्ही?"

"कोण म्हणालं?"

"तोच. त्याने पाहिलं. तो आला होता इथे."

फ्रिडोलिनचे हात थांबले. "कधी?"

"संत जोसेफच्या सुट्टीला. होतील आता तीन वर्षं. जाताना खुशीत होता. म्हणाला, बापाशी बोलून टाकतो, मी आधी बोलतो, मी लहान आहे. आणि दुसऱ्याच दिवशी परत! मी म्हटलं, काय रे? म्हणाला, पाडलं. बाबांनी झाड पाडलं." ओताव्यो अडखळला. त्याने दोघांच्या तोंडांकडे पाहिलं. तिथे थांबता आलं असतं तर तो थांबला असता. "बसमधून वळणावर उतरला म्हणाला. तिथे क्रूस आहे ना. तिथून दिसलं, फांद्या सगळ्या गेलेल्या, खाली बाबा कुऱ्हाडीने फोडतायत. म्हणाला, मी क्रूसापाशी उभा राहिलो. म्हटलं एकदा वर बघतील. बघितलं तर खाली जाईन, मग शिव्या देऊ देत नाहीतर मारू देत. पण ते बघेनात. सगळं जळण फोडून होईपर्यंत उभा होतो म्हणाला. मग परतीची बस आली."

चुलीत लाकूड तडकलं. फ्रिडोलिन म्हणाला, "मी वर पाहिलं नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "लाकडं फोडताना माणूस वर बघत नाही. खाली बघतो. हाताकडे." आणि ओताव्योकडे असा पाहत राहिला, की त्याने मान डोलवावी, हो म्हणावं. ओताव्योने मान डोलवली. बिचारा आणखी काय करणार?

सेराफीना उठली आणि शालही न घेता बाहेर पडली. चढावरून ती वळणापर्यंत गेली. क्रूसापाशी उभं राहून तिने खाली पाहिलं. झाड चांगलं भरलेलं, पानं गळून गेलेली, नव्या फांद्या आभाळात उभ्या. पण तिला आता ते मार्चमधलं दिसत होतं. खोड, पिवळी थोटकं, मागे घराची काळी लाकडी भिंत. आणि ती एक फांदी, झाड जिवंत आहे एवढं सांगणारी, खोडाच्या मागे, भिंतीच्या काळोखात. इथून ती कुणालाही दिसली नसती. तिने स्वतः निवडून ती तिकडे ठेवली होती, नियमाने, वडिलांनी शिकवलं तशी. या बाजूला एक ठेवली असती तर. एकच. ज्या झाडाला वाचवायला तिने जिवाचं रान केलं, तेच तिने आपल्या हाताने पोराच्या डोळ्यांसमोर पाडलं होतं. ती तिथे इतका वेळ उभी राहिली की शेवटी क्रेसेंझ शाल घेऊन वर आली आणि तिला धरून खाली घेऊन गेली.

फ्रिडोलिनने त्या झाडाचं फळ पुन्हा तोंडात घातलं नाही. तो त्यानंतर काही वर्षं जगला. गवत कापताना, शेण काढताना मधेच थांबायचा आणि वळणाकडे बघायचा. सेराफीनाला वाटायचं, त्याने एकदा तरी म्हणावं, तू कापलंस. तिला ते ऐकायचं होतं, म्हणजे रडायला तरी झालं असतं. पण तो तेवढंच म्हणायचा, "बोललो होतो ना मी, पाडीन म्हणून." आणि पुन्हा कामाला लागायचा. शेवटच्या आजारात त्याने बिछाना खिडकीशी ओढायला लावला. खिडकीतून झाड दिसत होतं, पण तो त्याच्या वरून पलीकडे बघत असे.

झाडाला काही कळत नसल्यामुळे ते फळतच राहिलं. गावात त्याच्या तोडीचं झाड नव्हतं. लोक काड्या मागायला येऊ लागले, मग काड्या बांधून द्याल का म्हणून विचारू लागले. सेराफीना करवत घेऊन जायची. साठी उलटलेल्या बाईच्या शिडीवर चढण्याला आता कुणी हसत नव्हतं. ती सांगेल तसं सगळे करायचे, पण एका बाबतीत तिच्याशी वाद व्हायचा.

"रस्त्याकडची एक फांदी ठेवायची," ती म्हणायची.

"पण फीनी, फांदी सावलीकडची ठेवतात," हुर्बिनच्या घरात राहायला आलेला तरुण शेतकरी एकदा म्हणाला; सगळं गाव आता तिला फीनीच म्हणायचं. "रस्त्याकडची ठेवली तर काड्यांवरचं ऊन अडेल. फळ कमी येईल."

"येऊ दे कमी."

"अहो, पण फळ वाढावं म्हणून तर करतोय हे सगळं!"

"सावलीकडची ठेव आणि रस्त्याकडचीही ठेव. नाहीतर माझी करवत मी घेऊन जाते."

त्याने ठेवली. सेराफीना शिडीवरून उतरली, फाटकातून बाहेर रस्त्यावर गेली, तिथून झाडाकडे नीट बघून आली आणि मगच बाकीच्या फांद्यांना हात घातला. काम उरकल्यावर तिने हात धुतले, कॉफी घेतली. बाहेर तो तरुण जळण फोडायला बसला होता, मान खाली घालून, भराभर. ती दारात आली.

"अरे, मधूनमधून वर बघ की!" ती ओरडली.

तो दचकून थांबला. त्याने रस्त्याकडे पाहिलं, वळणाकडे पाहिलं. "कुणी नाही फीनी," तो म्हणाला.

"नसेना. बघत जा."